उठाव

बाजाराच्या दिवशी शाखेत पाय ठेवायला जागा नसते.
पंचफुलाबाई तरी येते,
शिंदीच्या फड्यांचा भारा बाहेर जनरेटरला टेकवून,
शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात.
"कोऱ्या देजा साहेब."
दर महिन्याला तेच.

मला वाटायचं, हौस.
लग्नाच्या पाकिटात घालायला मागतात लोक, तशी.
कोऱ्या मी ओळखीच्यांसाठी ठेवतो:
कृषी केंद्रवाले, उपसरपंच, मॅनेजरची मेहुणी.
तिला मऊ पडलेल्या दिल्या,
हळदीच्या, तंबाखूच्या, कुणाच्या पोलक्यात घामेजलेल्या.
तिनं काउंटरवरच एकेक चाचपली,
परत सरकवली.
"ह्या मुक्या हायेत."

मागे रांग चुळबुळली.
तिला घाई नव्हती.
"शंभराले शिंगाडा रायते. तीन टोकं.
दोनशेले शिडीचा तुकडा.
पाचशेले टिकली.
मी नाई लावत आता, नोटीले हाय."
आणि हसली. मग कडेच्या तिरक्या रेघा
हवेतच मोजून दाखवल्या.
"अन् पन्नासले?" मी विचारलं.
"पन्नासले काईच नाई.
खालच्या नोटीत कोनी फसवत नाई,
असं वाटलं असन सरकारले."
पन्नास ती बोटाला लावून मापते:
विसाहून गव्हाच्या दाण्याएवढी लांब.

अकरा वर्षं मी रोखपाल आहे.
ओल्या स्पंजवर बोट, नोटेवर बोट,
संध्याकाळी हाताला लोखंडाचा वास.
त्या दुपारी लाईट गेली, डबा उघडा,
अंबाडीची भाजी गार होत होती.
पाचशेची एक नवी काढली, डोळे मिटले.
गुळगुळीत.
उलटी केली. गुळगुळीत.
टिकली कुठेच नाही.
नखानं खरवडलं तेव्हा कडेला एक रेघ,
बहुतेक.
शिपाई दारातून बघत होता. मी पोळीचा तुकडा मोडला.

छापखान्यातून निघताना शाई अंगावर उभी असते.
मग आम्ही ती मोजतो, चौघडी घालतो,
खिशात घेऊन बसतो, ओल्या बोटांनी पुन्हा मोजतो.
जे आपल्यासाठी नव्हतंच
ते आधी पुसलं जातं.

पुढच्या महिन्यात मशीन आलं, अंगठ्याचं.
तिचा उजवा ठेवला. लाल.
पुसून ठेवला. लाल.
"दाबा जोरात."
लाल.
चाळीस वर्षं शिंदीची पाती सोलून
त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या,
चिरा होत्या, त्या मशीनला वाचता येत नव्हत्या.
"फड्याले उठाव नाई बाजारात,
प्लास्टिकचे आले," ती म्हणाली,
"अन् आता अंगठ्यालेबी उठाव नाई."
तर्जनी, मधलं, करंगळी. डावा हात.
नऊ बोटं झाली.
दहाव्याला चिंधी बांधलेली.

"लागलं का काही?"
"नाई. राखलं हाय."
"म्हणजे?"
"सोलताना हे बोट मी धरत नाई.
भांडे घासताना नाई. चुलीजवळ नाई.
नोटीसाठी हाय हे."

रांगेत कुणीतरी घड्याळ बघितलं असावं,
कुणीतरी "हं" केलं.
मी म्हणालो, सोडा बाई चिंधी.
तिनं गाठ दातानं सोडवली.
आतलं बोट फिकं होतं,
तिच्या हाताचं वाटेना,
शाळकरी पोरीचं वाटलं.

हिरवा.

पडद्यावर नाव आलं, स्पेलिंग चुकलेलं.
मी ड्रॉवरच्या तळाशी हात घातला,
मेहुणीसाठी ठेवलेल्या काढल्या,
करकरीत, एकीला एक चिकटलेल्या.
तिनं त्या चाचपल्याच नाहीत.
बोटावर फुंकर घालत होती,
चटका बसल्यासारखी.

"आता याले बी
कामाले लावलं तुमी."